तांत्रिक ड्रॉइंगच्या अनवट चिन्हांसाठी टिक्झ

यंत्र अभियांत्रिकीची टिपणे लिहिताना मजकुराच्या ओळीतच सिलिंड्रिसिटी (दंडगोल आकाराची अचूकता), टोटल रनआउट (फिरताना पृष्ठभागाचा एकूण हेलकावा) किंवा काउंटरबोअर (बोल्टचे डोके बसावे म्हणून तोंडाशी रुंद केलेले भोक) यांचे चिन्ह घालायची वेळ आली, की लॅटेक ही आज्ञा लिहून पाने मांडण्याची प्रणाली वापरणाऱ्याची पंचाईत होते. व्यासाचे चिन्ह वासिसिम या लॅटेकच्या पॅकेजमध्ये (जोड-संचात) तयार मिळते. बाकीच्यांपैकी बरीच युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत नोंदलेली असली, तरी नेहमीच्या फॉन्टमध्ये त्यांची आकृतीच नसते आणि पानावर त्या जागी कोरी चौकट उमटते. कॅडमधून (संगणकीय ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधून) चिन्ह चित्र म्हणून आणता येते. पण चित्र लहान करताच रेषाही बारीक होतात आणि शेजारच्या अक्षरांपुढे चिन्ह फिके पडते. या कामासाठी टिल टांटाऊ यांनी घडवलेले टिक्झ हे लॅटेकमध्येच आज्ञा लिहून आकृत्या काढू देणारे मोफत पॅकेज मला सर्वांत उजवे वाटते.

सिलिंड्रिसिटीचेच चिन्ह घ्या: एक वर्तुळ आणि त्याला दोन्ही बाजूंनी स्पर्श करणाऱ्या दोन तिरप्या समांतर रेषा. टिक्झमध्ये बिंदू कोन आणि त्रिज्या देऊन सांगता येतो. त्यामुळे वर्तुळावरचे १५० आणि ३३० अंशांचे बिंदू घेऊन त्यांतून ६० अंशांच्या दिशेने रेषा ओढल्या, की स्पर्शिका नेमकी बसते. नजरेने जुळवाजुळव करावी लागत नाही. मापे मिलिमीटरऐवजी ‘एम’ या, चालू अक्षरांच्या आकारावर ठरणाऱ्या एककात दिली, तर तळटीपेत चिन्ह आपोआप लहान आणि शीर्षकात मोठे होते. रेषेची जाडीही ‘एम’मध्येच द्यावी, कारण टिक्झचा ‘स्केल’ पर्याय आकृती मोठी करतो, जाडीला हात लावत नाही. आयएसओ ३०९८ या ड्रॉइंगवरील अक्षरांच्या मानकातील बी प्रकारच्या अक्षरांत रेषेची जाडी उंचीच्या एक दशांश असते. तेच प्रमाण चिन्हाला लावले, तर ते ड्रॉइंगमधल्या अक्षरांशी एकजीव दिसते. ‘बेसलाइन’ पर्यायाने ते ओळीवर हवे तेवढे वरखाली बसवता येते, आणि माझ्या मते या पॅकेजची खरी किंमत इथेच कळते.

आवृत्ती ३.० पासून आलेल्या ‘पिक’ (छोटी तयार आकृती) या सोयीमुळे एकदा रचलेले चिन्ह मोठ्या आकृतीतही पुन्हा वापरता येते. फर्स्ट अँगल प्रोजेक्शनचे (ड्रॉइंगवर वस्तूची दृश्ये मांडण्याच्या एका पद्धतीचे) चिन्ह, म्हणजे डावीकडे छाटलेला शंकू आणि उजवीकडे दोन समकेंद्री वर्तुळे, असे एकदा करून ठेवले की प्रत्येक शीटच्या टायटल ब्लॉकचा (ड्रॉइंगच्या माहिती-चौकटीचा) प्रश्न मिटतो. विद्युत मंडलांची चिन्हे मात्र स्वतः काढत बसू नयेत. त्यांसाठी टिक्झवरच उभारलेले सर्किटिक्झ पॅकेज आहे.

तक्रारी आहेतच. मार्गदर्शिका १,३०० हून अधिक पानांची असून नवख्याने ती पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. आकृतीच्या मथळ्यात चिन्ह वापरायचे, तर कमांड ‘रोबस्ट’ (मथळ्यातही न मोडणारी) म्हणून घोषित करावी लागते, नाहीतर कंपाइल करताना, म्हणजे मजकुरातून पाने तयार करताना, गोंधळात टाकणाऱ्या चुका येतात. गणिती सूत्राच्या पादांकात चिन्ह स्वतःहून लहान होत नाही; अॅम्समॅथ या गणिती पॅकेजच्या ‘टेक्स्ट’ कमांडमध्ये गुंडाळल्यावर होते. शेकडो चिन्हे असलेला दस्तऐवज कंपाइल व्हायला वेळ घेतो. चिन्ह एकदाच रचून लॅटेकच्या सेव्हबॉक्समध्ये (तयार मजकूर साठवण्याच्या खणात) ठेवले, की हा त्रास बराच कमी होतो, पण मग ते अक्षरांबरोबर लहानमोठे होत नाही. सर्वांत मोठी उणीव अशी, की पीडीएफमध्ये हे चिन्ह नुसत्या रेषा म्हणून राहते, त्यामुळे ते शोधता किंवा कॉपी करता येत नाही. अॅक्ससप पॅकेज वापरून त्यामागे युनिकोड अक्षर जोडता येते, मात्र सगळेच पीडीएफ वाचक त्याची दखल घेत नाहीत.