चुंबक चिकटणारं स्टील, न चिकटणारं स्टील

भांड्यांच्या दुकानात काही गिऱ्हाइकं चुंबक लावून बघतात. चिकटला की माल हलका! हे अर्धंच खरं. स्टेनलेस स्टीलच्या ४३० ग्रेडमध्ये, म्हणजे त्याच्या एका प्रकारात, लोखंडाबरोबर साधारण १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं, निकेल जवळपास नाहीच. त्यातले लोखंडाचे अणू, म्हणजे इवलेसे चुंबकच, गटागटाने एका दिशेला तोंड करून राहतात. म्हणून चुंबक घट्ट बसतो. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. गंमत अशी की लोखंड आणि निकेल दोन्ही एकेकटे चुंबकाकडे ओढले जातात, पण इथे निकेलमुळे अणूंची मांडणीच बदलते, ती एकजूट जमत नाही आणि चुंबक घसरतो. तरी ३०४ च्या सिंकचा कोपरा तपासून बघा. पत्रा दाबून वाकवलेला असतो तिथे मांडणी थोडी बदलते आणि चुंबकाला किंचित ओढ लागते.

कढी, सार अशा आंबट गोष्टींना ३०४ च बरं, ते सहजासहजी गंजत नाही. इंडक्शनवर मात्र चुंबक चिकटेल असा, ४३० सारख्या स्टीलचा तळ हवा. बऱ्याच ट्राय-प्लाय, म्हणजे तीन थरांच्या, कढयांत आत ३०४, मध्ये अ‍ॅल्युमिनियम आणि बाहेर ४३० असतं.

आणि २०१ ग्रेड? निकेल कमी, मँगनीज जास्त, किंमत कमी, गंजायला ३०४ पेक्षा लवकर तयार. चुंबक त्यालाही चिकटत नाही.