व्हेनिसमध्ये दोघांचा एक निवांत दिवस: शहर की बेटं?

युरोपच्या सहलीत व्हेनिसच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच दिवस येतो. ग्रुप टूरवाले तर सान मार्को चौक, काचेच्या भट्टीचं प्रात्यक्षिक आणि गोंडोला अर्ध्या दिवसात उरकून पुढच्या गावाला लागतात. तुम्ही दोघंच असाल आणि घड्याळाकडे न बघता फिरायचं असेल, तर आधी एक निर्णय घ्यावा लागतो: दिवस मुख्य शहरात काढायचा, की बोटीने बुरानो-तोर्चेल्लो या बेटांकडे जायचं?

माझ्या मते हे आवडीनिवडीवर कमी आणि रात्रीच्या मुक्कामावर जास्त ठरतं. फ्लोरेन्सहून किंवा मिलानहून सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळी परतणार असाल, तर बेटांचा विचारच सोडा. सांता लुचिया स्टेशनवरून आधी फोंदामेन्ते नोव्हे धक्का गाठायचा, तिथून १२ नंबरची बोट, मग पाऊण तासाने बुरानो. परतीचा प्रवास धरला तर दिवसातले अडीच-तीन तास नुसते पाण्यावर जातात, आणि ज्या शहरासाठी आलात ते खिडकीतून बघून परत. मुक्काम व्हेनिसमध्येच असेल तर मात्र चित्र उलटं होतं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच सान मार्कोला मुंगीला शिरायला जागा नसते. नेमका तेवढा वेळ बेटांवर घालवावा आणि दिवसाची गर्दी ओसरली की शहरात परतावं.

शहरातच राहायचं ठरलं तर एक नंबरची वापोरेत्तो, म्हणजे तिथली सार्वजनिक बोट, पकडून स्टेशनपासून ग्रँड कॅनॉलने सान मार्कोपर्यंत जा. पाऊण तास लागतो, पण दोन्ही काठांचे जुने वाडे या एका फेरीत दिसतात. पुढे बरेच जण बॅसिलिका, डोजेंचा (व्हेनिसच्या जुन्या शासकांचा) राजवाडा आणि मनोरा असं तिन्ही एका दमात करतात. निवांत दिवसात मी यातलं एकच ठेवेन, बॅसिलिका. १०९४ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या या चर्चमधलं सोनेरी मोझेक आणि कॉन्स्टँटिनोपलहून लुटून आणलेले ब्राँझचे घोडे (खरे घोडे वरच्या संग्रहालयात आहेत, बाहेरचे नकली) यांना सवड द्यावी. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. उंचावरून शहर बघायचं असेल तर समोरच्या सान जोर्जो माज्जोरे बेटावरच्या चर्चचा मनोरा जास्त बरा. तिथेही लिफ्ट आहे, रांग कमी असते आणि सान मार्कोचा मनोरा स्वतः त्या देखाव्यात येतो. तोही तसा जुना नव्हेच. मूळचा १९०२ मध्ये कोसळला, आत्ताचा १९१२ चा.

दुपार दोरसोदुरो भागात काढा. सांता मारिया देल्ला सालुते हे १६३० च्या प्लेगनंतर नवस फेडायला बांधलेलं चर्च, सान त्रोव्हासोचा गोंडोला दुरुस्तीचा कारखाना, झात्तेरेचा रुंद धक्का. बघण्यासारखं एवढंच, बाकी नुसतं चालायचं. पण चालणं म्हणजे पूल, आणि पूल म्हणजे पायऱ्या. गुडघ्यांची कुरकूर असलेल्यांनी हे धरून चालावं.

बेटांमध्ये मुरानो मी सरळ गाळतो. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या तिथे हलवल्या, हा इतिहास मोठा रंजक. पण मोफत प्रात्यक्षिकानंतर दुकानात नेतात आणि तिथून रिकाम्या हाताने निघताना उगाच अवघडायला होतं. बुरानोची रंगीत घरं फोटोत दिसतात तशीच आहेत. ती तासाभरात बघून होतात. लेस घ्यायची असेल तर आधी तिथल्या लेस संग्रहालयात डोकवा, म्हणजे हाताची आणि यंत्राची यातला फरक नजरेला कळेल.

खरं तर बेटांवर जायचं ते तोर्चेल्लोसाठी. बुरानोहून बोटीने अगदी जवळ. व्हेनिसची भरभराट होण्याआधी इथे गजबजलेलं गाव होतं. पुढे खाडी गाळाने भरली, मलेरिया आला आणि माणसं निघून गेली. आज मोजकी घरं, कालव्याकाठची पायवाट आणि ६३९ मध्ये स्थापन झालेलं कॅथेड्रल उरलंय. आतल्या पश्चिमेच्या भिंतीवर अंतिम न्यायाचं भव्य मोझेक आहे. दोघांना शांतपणे बसायला अशी जागा मुख्य शहरात भरदिवसा मिळणार नाही.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. वापोरेत्तो म्हणजे तिथली बेस्टची बस, भाडं मात्र बेस्टचं नाही: ७५ मिनिटांचं एक तिकीट ९.५० युरो, २४ तासांचा पास २५ युरो. तिसऱ्या फेरीला पास वसूल होतो. म्हणजे बेटांसाठी दोघांचे ५० युरो, आणि शहरात एकच बोटफेरी घेऊन बाकी पायी फिरलात तर १९. शिवाय २०२४ पासून वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चारपर्यंत शहरात येणाऱ्यांना प्रवेश शुल्क पडतं. मुक्कामाला असलेल्यांना माफ आहे, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेत राहणाऱ्यांनाही, पण ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

गोंडोला? ठरलेला दर अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. तो बोटीचा असतो, माणशी नव्हे. पाच जण बसले तरी तेवढाच. त्यामुळे दोघांना महागच पडतो. घ्यायचाच तर सान मार्कोपासून लांबच्या धक्क्यावर घ्या आणि लहान कालव्यांतून न्यायला सांगा. नुसती हौस भागवायची असेल तर सांता सोफियाहून रिआल्तो बाजाराकडे पलीकडे नेणारी त्रागेत्तो आहे, माणशी दोन युरो. होडी तशीच, फक्त कालवा ओलांडला की उतरायचं.

जेवणात शहराला झुकतं माप. बाकारो नावाच्या छोट्या गुत्त्यांत काउंटरवर उभं राहून चिकेत्ती, म्हणजे पावाच्या तुकड्यांवरचे खाऊ, खाता येतात आणि शाकाहाऱ्यांना चीज, आर्टिचोक, वांगं असं काहीतरी मिळतं. बुरानोत मासे खाणाऱ्यांची चंगळ, शाकाहाऱ्यांना बहुधा टोमॅटो पास्ता. मासळीप्रेमींनी रिआल्तोचा मासळीबाजार सकाळीच गाठावा. रविवार-सोमवार तो बंद असतो.

हिवाळ्यात जाणार असाल तर मुक्काम असला तरी शहरच निवडा. धुकं आणि गार वारा असला की बोटीतला पाऊण तास फार लांबतो, आणि सान मार्कोची गर्दीही तेव्हा सोसवेल इतपत असते. कार्निव्हलचे दिवस मात्र सोडून.