तोळ्याचा वाटलेला भाव ग्रॅमचा निघाला

राजेहो, कापसाचा चुकारा हाती आला की हायवेच्या कडेला जडीबुटीवाल्यांचे तंबू लागतात. बाहेर मुळ्या-सालींच्या बरण्या अन् कर्ण्यावर चालू असते, ‘मर्दानी कमजोरी, धातू जाणे, दुसऱ्यांदा जोश न येणे.’ (धातू म्हणजे वीर्य.) पांढरकवड्याजवळच्या अशाच एका तंबूत माझे १४,४०० रुपये गेले. असल्या गोष्टीसाठी पोलिसांत जायची लाज वाटते, अन् यांचा सारा धंदा त्या लाजेवरच चालतो. म्हणून इथं उघड लिहितो.

माझं वय ४३. तक्रार एवढीच, की एकदा झालं की त्या रात्री पुन्हा काही होत नाही. पंचविशीत तसं नव्हतं. (बायकोची काहीच तक्रार नव्हती, हे तिनं पैसे गेल्यावर सांगितलं.) तंबूतल्या वैद्यानं नाडी धरली. “भाऊ, धातू पातळ झाली हाये. लघवी आना.” ग्लासात लघवी दिली. त्यानं बाटलीतल्या निवळ पाण्याचे थेंब टाकले अन् ग्लास दुधासारखा पांढरा झाला. “पाहा, हेच चाललं बाहेर!” डोळ्यांदेखत दिसल्यावर माणूस काय बोलणार?

पुतण्या बीएस्सीला आहे. त्यानं घरी स्वतःच्याच लघवीत पानाच्या चुन्याची निवळी टाकून दाखवली. तशीच पांढरी. मग थोडं व्हिनेगर टाकलं, पुन्हा साफ. लघवीत फॉस्फेटचे क्षार सगळ्यांच्याच असतात. चुना किंवा सोडा पडला की ते साकळतात, आंबट पडलं की विरघळतात. धातूचा काही संबंध नाही.

आता भाव. विचारलं तर म्हणे, “एकशेवीस.” मी समजलो, तोळ्याचे. तो एकेका बरणीतून काढत गेला, सारं खलबत्त्यात कुटलं, काट्यावर ठेवलं, अन् तेव्हा म्हणाला, ग्रॅमचे एकशेवीस. भरलं १२० ग्रॅम. “कुटलेला माल वापस होत नाही, भाऊ.” तोवर दोन पोट्टे दाराशी येऊन उभे. बिल मागितलं तर कोऱ्या कागदावर नुसतं ‘जडीबुटी’ लिहून दिलं.

पुडीनं काहीच झालं नाही असं नाही, खरा धोका तिथंच आहे. चेहरा गरम, नाक चोंदलेलं, डोकं ठणकतंय, अन् ताठरता मात्र भरपूर. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ही लक्षणं सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्रातल्या औषधाची वाटतात, अशा पुड्यांत ते लपवून मिसळलेलं सापडतं. माझे मोठे भाऊ छातीत दुखलं की जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवतात, अन् त्यांनीही माझ्याकडे पुडी मागितली होती. ही दोन औषधं एकत्र गेली तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जातो.

मुळात माझ्या तक्रारीत आजार नव्हताच. वीर्यपतन झालं की पुरुषाचं शरीर काही वेळ पुन्हा तयार होत नाही. हा थांबा निसर्गाचाच आहे. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९६६ मध्ये तो नोंदवून ठेवला. विशीत काही मिनिटांत भागतं, चाळिशीनंतर काही तास लागू शकतात, साठीनंतर एखादा दिवसही. माणसागणिक फरक असतो. थकवा, दारू, कमी झोप याचाही परिणाम होतो. थांबा कशानं येतो, तेही पुरतं उलगडलेलं नाही. प्रोलॅक्टिन नावाच्या हार्मोनवर संशय आहे, पण सिद्ध झालेलं नाही. अन् हा थांबा कमी करायला मान्यता असलेलं औषध आजघडीला नाही, मग तंबूत कुठून येणार? पहिल्यांदाच ताठरता येत नसेल अन् तसं महिनोन् महिने चालू असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा साखर अन् बीपी तपासा, चालू गोळ्या डॉक्टरला दाखवा.

कामशक्ती वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानं गुन्हाच आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मी यवतमाळला अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिला, सोबत उरलेली पूड अन् तो कागद. तुमच्या घरात अशी पुडी पडली असेल तर फेकू नका, तशीच बांधून द्या. पैशाच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, फोनवर मराठीत बोललं तरी चालतं.