दोन फाऊल झालेला सेंटर: बाकावर बसवावा की झोनमध्ये ठेवावा?

शालेय बास्केटबॉल स्पर्धांचा हंगाम आला की पीटीच्या शिक्षकांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो. संघात उंच म्हणावा असा मुलगा एकच, तोच सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा. पहिला क्वार्टर अर्धाही झालेला नाही आणि टेबलावरून त्याच्या नावाने दोन फाऊलची पाटी वर गेली. पाच झाले की तो सामन्यातून बाहेर. आता काय करायचं? एक मार्ग सगळ्यांना पाठ असतो: मध्यंतरापर्यंत त्याला बाहेर बसवा. दुसरा मार्ग म्हणजे त्याला आतच ठेवायचं, मॅन-टू-मॅन (प्रत्येकाने आपला एक माणूस धरायचा) सोडून टू-थ्री झोन (पुढे दोन, मागे तीन, प्रत्येकाने आपली जागा राखायची) लावायचा आणि त्याला जरा कडेला, कमी धोक्याच्या जागी उभं करायचं. १४ वर्षांखालच्या आणि १७ वर्षांखालच्या, दोन्ही गटांच्या संघांबरोबर मी हे दोन्ही करून पाहिलं आहे.

बाहेर बसवण्याची बाजू आधी घेऊ, कारण ती कमजोर मुळीच नाही. एक तर विचार करावा लागत नाही, आणि सामन्याच्या गडबडीत ही मोठी सोय असते. मुलगा शांत होतो, रेफरी आज कशावर शिट्टी मारतोय ते बाहेरून बघतो. चौथ्या क्वार्टरला तो हाताशी असतो. पालक आणि मुख्याध्यापक यांच्यापैकी कुणीही नंतर येऊन ‘सर, त्याला आत का ठेवलंत?’ असं विचारत नाही, हा फायदा कुणी बोलून दाखवत नसलं तरी. मुलगा तापट असेल तर प्रश्नच नाही. रागाच्या भरात चेंडू आपटला की टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाचा फाऊल, तोही त्याच्या पाचांत धरला जातो, आणि दोन टेक्निकल झाले की उरलेल्या सामन्यापुरता तो बादच.

पण ही ‘दोन फाऊल, मध्यंतरापर्यंत बाक’ सवय आपल्याकडे बरीचशी अमेरिकन कॉलेजचे सामने आणि तिथल्या प्रशिक्षकांचे व्हिडिओ पाहून आली असावी, असं मला वाटतं. तिथे पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन हाफचा असतो. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी १०-१० मिनिटांचे चार क्वार्टर खेळतो, आणि टीम फाऊल, म्हणजे सगळ्या संघाचे मिळून झालेले फाऊल, प्रत्येक क्वार्टरला पुन्हा शून्यापासून मोजतो. खुद्द अमेरिकेतल्या हायस्कूलच्या नियमांतही २०२३-२४ च्या हंगामापासून क्वार्टरवार मोजणी आणि पाचव्या टीम फाऊलपासून दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता घ्यायचे नेम) असा बदल झाला. त्याआधी तिथे हाफमधल्या सातव्या फाऊलपासून ‘वन अँड वन’ असायचं, म्हणजे पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा. त्यामुळे जुना व्हिडिओ बघून हिशेब मांडत असाल तर जरा जपून. शिवाय तालुका-जिल्हा पातळीवर एका दिवसात ढीगभर सामने उरकायचे असले की क्वार्टरची वेळ कमी करतात. अशा आखूड सामन्यात सेंटर मध्यंतरापर्यंत बाहेर म्हणजे जवळजवळ अर्धा सामना त्याच्याविना.

आणि बसवलेला मुलगा शेवटी किती फाऊलवर संपतो? माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा तीनवर. उरलेले फाऊल काही पुढच्या सामन्यात वापरता येत नाहीत.

माझं मत मात्र या हिशेबाने बदललं नाही. ते बदललं एका वैतागाने. सेंटर बाहेर गेला की त्याच्या जागी येतो तो एखादा बुटका, उत्साही मुलगा. पाय वेळेवर पोहोचत नाहीत म्हणून तो हात टाकतो. आत घुसणाऱ्याच्या मनगटावर एक, रिबाउंडच्या वेळी, म्हणजे चुकलेला चेंडू रिंगवरून परत येताना, पाठीवर एक. त्याच्या नावावर दोनच लागतात, म्हणून कुणाला काळजी वाटत नाही, पण टीम फाऊलमध्ये भर पडत असते. चौथा टीम फाऊल झाला की टेबलाच्या आपल्या बाजूच्या टोकाला लाल खूण उभी राहते. तिथून पुढे बचावातला साधा धक्काही समोरच्यांना दोन फ्री थ्रो देऊन जातो, मग कुणी शूट करत असो वा नसो. एका खिशातले वाचवायचे आणि दुसऱ्या खिशातले उडवायचे, असा हा प्रकार.

‘पोरं फ्री थ्रो घालतात कुठे?’ असं यावर म्हणतात. खरं आहे, आपल्या पातळीवर पुष्कळ चुकतात. माझी चिडचिड नेमकी तिथेच सुरू होते. दुसरा फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेला आपटून खाली येतो. लेनच्या, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्याच्या, कडेला बचाव करणाऱ्यांचे तीन जण आणि थ्रो घेणाऱ्यांचे दोन उभे असतात, आणि बास्केटला सगळ्यात जवळच्या दोन्ही जागा बचाववाल्यांच्या, म्हणजे आपल्या. तो चेंडू हक्काने आपला असायला हवा. पण तिथे उभा आहे आपला बुटका, आणि त्याच्या लगतच्या जागेवर त्यांचा सेंटर. चेंडू हातातून सुटताच तो एक लांब पाऊल आत टाकतो, आमच्या मुलाला पाठीमागे घेतो, वरच्या वर चेंडू काढतो आणि बोर्डवरून आत टाकतो. कधी घाईत आमच्याकडून आणखी एक हात पडतो, म्हणजे पुन्हा फ्री थ्रो. ती जागा ज्याच्यासाठी जणू आखलेली आहे तो माझ्या शेजारी बाकावर बसलेला असतो, जॅकेट अंगावर, गुडघा हलवत. ‘सर, आता जाऊ?’ ‘थांब.’ पुढची शिट्टी. ‘सर, मी हात मागे ठेवतो ना.’

तर झोन. आत ठेवायचं म्हणजे आहे तसाच खेळू द्यायचं, असं नव्हे. टू-थ्रीमध्ये मागच्या ओळीतला मधला खेळाडू रिंगखाली सगळ्यांच्या मदतीला धावतो आणि बहुतेक फाऊल त्याच्याच नावावर लागतात. सवयीने आपण सेंटरला तिथेच उभा करतो. दोन फाऊल झाल्यावर त्याला तिथून काढून मागच्या ओळीच्या कडेला न्यायचा, समोरच्या संघाची पकड ढिली असेल त्या बाजूला. मध्ये लांब हातांचा एखादा फॉरवर्ड. सेंटरला दोनच गोष्टी सांगायच्या: दोन्ही हात सरळ वर, आणि कुणी आत घुसलाच तर टोलवायला जायचं नाही, गेला तर गेला. आपल्या सिलिंडरमध्ये, म्हणजे स्वतःच्या उभ्या जागेत, सरळ वर उडी मारणाऱ्यावर नियमाने फाऊल होत नाही. अंगाला अंग लागल्याचा आवाज आला की शिट्टी वाजवणारे रेफरी भेटतात, पण त्यांच्यापुढे बाकावरचा गडीही काही करू शकत नाही.

झोनचे तोटे आहेत, आणि ते मी कमी करून सांगणार नाही. समोर कोपऱ्यातून तीन गुणांचा नेम मारणारे दोन जण असतील तर झोन फाटतो. झोनमध्ये प्रत्येकाला नेमून दिलेला माणूस नसतो, त्यामुळे चालू खेळात बॉक्स आऊट (समोरच्याला पाठीमागे अडवून चेंडूची जागा धरणं) कुणी करायचा यावर पोरं एकमेकांकडे बघत राहतात. हे सरावात घोटून घ्यावं लागतं, आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात झोन शिकवायला घेतलात तर पाचही जण रंगवलेल्या भागात दाटी करून चेंडू बघत उभे राहतील. तुमच्याकडे तेवढा सराव नसेल तर सरळ बाक बरा.

काही जण मधला मार्ग काढतात: हल्ल्याला सेंटर आत, बचावाला बाहेर. कागदावर छान दिसतं. बदली मात्र चेंडू डेड (खेळात नसलेला) आणि घड्याळ थांबलेलं असतानाच मिळते, आणि बास्केट पडल्यावर घड्याळ थांबतं ते फक्त चौथ्या क्वार्टरच्या आणि जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत. एरवी बदली खेळाडू टेबलाजवळ खुर्चीवर बसून राहतो आणि ज्या शिट्टीची तो वाट बघतोय ती सेंटरच्या तिसऱ्या फाऊलचीच निघते.

मग कुणी काय करावं? बेंचवर दुसरा बरा उंच मुलगा असेल, किंवा सेंटर डोक्याने गरम असेल, तर बसवायला माझी हरकत नाही. १४ वर्षांखालच्या गटात बसवलेलं जरा कमी महाग पडतं. १७ च्या गटात आणि एकट्या सेंटरवर चालणाऱ्या संघात मी बहुधा झोनकडे जातो. बाकावरच्या एका मुलाला वही देऊन दोन रकाने लिहायला लावतो, एक खेळाडूवार फाऊलचा, एक टीम फाऊलचा. टेबलावरची पाटी दरवेळी नीट दिसेलच असं नाही, आणि टीम फाऊल दोनवरच असतील तर सेंटरला थोडा मोकळाही सोडता येतो.

तिसरा फाऊल मध्यंतराआधी झाला तर मात्र मीही त्याला बाहेर घेतो, निदान तो क्वार्टर संपेपर्यंत. चौथा झाला की घड्याळ बघून ठरवतो. शेवटची पाच-सहा मिनिटं उरली असतील तर पुन्हा कडेला उभा करून आतच. सामना बरोबरीत सुटून जादा वेळ मिळाला तर टीम फाऊल पुसले जात नाहीत, चौथ्या क्वार्टरचेच पुढे चालू राहतात. पहिल्याच धक्क्याला फ्री थ्रो मिळणार असतील तर लेनच्या कडेची ती आतली जागा तेव्हा सगळ्यात जास्त लागते, म्हणून जादा वेळेच्या त्या पाच मिनिटांत मी त्याला बसवत नाही.