गोळीची शिट्टी की बिनगोळीची? नव्या पंचांसाठी

पंच परीक्षा पास झालेली मुलं-मुली शालेय स्पर्धांचा हंगाम तोंडावर आला की हमखास विचारतात, "सर, फॉक्स (म्हणजे बिनगोळीची) घेऊ की साधी गोळीची?" कबड्डी आणि खो-खो, दोन्हीकडे मी या दोन्ही शिट्ट्या बरीच वर्षं गळ्यात वागवल्या आहेत. फुटबॉलवाल्यांचं मत कदाचित वेगळं पडेल.

गोळीच्या शिट्टीचं मूळ बर्मिंगहॅमचं. जोसेफ हडसन यांच्या कारखान्यातून १८८४ मध्ये अ‍ॅक्मे थंडरर निघाली आणि आज बाजारात मिळणारी बहुतेक धातूची शिट्टी तिच्याच वळणाची आहे. आत कॉर्कची गोळी असते. फुंकर बसली की ती गरगर फिरते, हवेची वाट क्षणोक्षणी झाकते आणि मोकळी करते, त्यातून ती थरथर येते. बिनगोळीची खूप नंतरची. कॅनडातले बास्केटबॉल पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट ऐन सामन्यात गोळी अडकण्याच्या त्रासाला कंटाळले होते. त्यांनी चक शेफर्ड या डिझायनरला हाताशी धरून फॉक्स ४० बनवली आणि १९८७ च्या इंडियानापोलिसच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत ती मैदानात उतरली. तिच्यात तीन कप्पे असतात, तिन्हींचे सूर एकमेकांपासून किंचित हटलेले. ते एकमेकांत मिसळले की थरथर तयार होते. आत हलणारं काहीच नाही, म्हणून अडकणारंही काही नाही.

हा गुण नागपुरात फार मोलाचा आहे, हे आधी मान्य करतो. आपल्याकडच्या मैदानांवरची धूळ, त्यात दिवसभर फुंकून ओली झालेली गोळी. कॉर्क फुगतो, धूळ त्याला चिकटते आणि दुपारनंतर शिट्टी घोगरी बोलू लागते. जोरात फुंकायला जावं तर गोळी भिंतीला दाबून बसते आणि नुसती हवा निघते. मे महिन्याच्या शिबिरात धातूची शिट्टी उन्हात टेबलावर राहिली तर ओठाला चटका बसतो, तो वेगळाच. फॉक्स नळाखाली धरली, झटकली की तयार.

खो-खोत तिचा आणखी एक फायदा आहे. गडी बाद झाला की एक छोटी शिट्टी. पाठलाग करणाऱ्याने फाऊल केला तर तो दुरुस्त होईपर्यंत छोट्या छोट्या शिट्ट्या सलग. दोन्हींतला फरक पळणाऱ्या मुलाला त्याच क्षणी कळायला हवा. फॉक्सचा आवाज फुंकर सुटताक्षणी तुटतो, त्यामुळे हे तुकडे स्वच्छ पडतात. गोळीला फिरायला आणि थांबायला जरा वेळ लागतो. जिभेने हवा तोडायची सवय होईपर्यंत नवख्या पंचाच्या फाऊलच्या शिट्ट्या एकमेकांत मिसळतात.

एवढं सगळं असूनही माझ्या गळ्यात बहुतेक दिवस गोळीचीच असते. कारण शेजारचं मैदान.

आपल्या शालेय स्पर्धा कशा होतात ते तुम्हाला माहीत आहे. एकाच मोठ्या मैदानावर फक्की टाकून कबड्डीची तीन-चार मैदानं आखतात, मध्ये जेमतेम प्रेक्षक उभे राहतील एवढी जागा, आणि सगळीकडे सामने एकदम सुरू. पंचांपैकी बहुतेकांकडे फॉक्स किंवा तिच्यासारखी दुसरी. सगळ्यांचा सूर एकच आणि धार एवढी की चौथ्या मैदानावरची शिट्टी पहिल्यावर आपलीच वाटते.

एक सामना अजून डोळ्यांसमोर आहे. चढाईचा मुलगा मध्यरेषेपासून हातभर अंतरावर पालथा पडलेला. एकाने घोटा धरलेला, दुसऱ्याने मांडी, तिसरा पाठीवर. पकड पक्की होती. तेवढ्यात शेजारच्या मैदानावर शिट्टी वाजली. तिघांनाही वाटलं चढाई संपली. घोट्यावरचा हात सैल पडला, मुलगा पुढे सरकला आणि त्याची बोटं रेषेला लागली. मी शिट्टी वाजवलेलीच नव्हती. नियमाने चढाई चालू होती, तिघं बाद. ती मुलं रडकुंडीला आली, "सर, शिट्टी वाजली ना जी!" वाजली होती, हे मलाही ऐकू आलं होतं. निर्णय मात्र तोच द्यावा लागला, आणि त्यांच्या शिक्षकांना तो समजावताना माझ्याकडे नियमापलीकडे काही नव्हतं. वर्षभर घाम गाळलेल्या पोरांचा सामना दुसऱ्याच्या शिट्टीवर जावा, हे मला अजून पचत नाही.

तेव्हापासून मी मोठ्या आकाराची पितळी गोळीची शिट्टी वापरतो. तिचा आवाज जाड आहे. आकार वाढला की सूर खाली येतो, म्हणजे आकार निवडून तुम्ही आवाजही निवडता. सामन्याआधी दोन्ही संघांना उभं करून ती एकदा वाजवून दाखवतो, "ही माझी, हिच्यावरच थांबायचं." माझा अनुभव असा की मुलं हा आवाज पहिल्या दोन-तीन चढायांतच ओळखू लागतात. शिवाय गोळीच्या शिट्टीला हळू बोलता येतं. खेळाडूला जागेवर जायची खूण करायची तर हलकी फुर्र पुरते, फाऊलला पूर्ण छाती. फॉक्सला हलकं फुंकलं तर माझ्या कानाला ती चिरकी लागते. तिला जोरच हवा.

हा जोर बंदिस्त हॉलमध्ये जास्त जाणवतो. मानकापूरच्या क्रीडा संकुलासारख्या ठिकाणी मॅटवरची कबड्डी असली की आवाज छताला लागून परत येतो. फॉक्स ४० क्लासिकची ताकद कंपनी ११५ डेसिबल सांगते. पंचांच्या कानांवर शिट्टीचा काय परिणाम होतो याचा अभ्यास २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये झाला आहे आणि तो काळजी करायला लावणारा आहे. दिवसभर सामने घेऊन घरी गेल्यावर कानात गुणगुण राहत असेल तर ती अंगावर काढू नका, मग शिट्टी कुठलीही असो.

बटण दाबून वाजणारी इलेक्ट्रॉनिक शिट्टीही मिळते. सरावाला ठीक. सामन्यात हात मोकळे लागतात, म्हणून मी तिच्या वाटेला गेलो नाही.

गोळीची घेणार असाल तर थोडी निगा लागेल. रोज रात्री कोमट पाण्यातून काढायची, झटकायची, उघड्यावर वाळवायची, ओली खिशात ठेवायची नाही. प्लॅस्टिकच्या गोळीची घेतलीत तर फुगण्याची कटकट नाही, फक्त आवाज थोडा पोकळ येतो. अडकण्याची भीती मात्र पुरती जात नाही, त्यामुळे माझ्या खिशात बिनगोळीची एक कायम असते आणि तिने मला वाचवलंही आहे.

एकच मैदान, भोवती मोठी गर्दी, असा अंतिम सामना असेल, किंवा तुम्ही मुख्यतः खो-खो घेणार असाल, तर फॉक्स घ्या, मी अडवणार नाही. पण पहिली दोन-तीन वर्षं तुमच्या वाट्याला शालेय कबड्डीच येणार, तीही शेजारी-शेजारी आखलेल्या मैदानांवर. त्यासाठी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलात की मोठ्या आकाराची गोळीची मागा. दुकानात कुणी तोंडाला लावून वाजवू देणार नाही, म्हणून कानाशी धरून हलवून बघा. गोळी आत सगळीकडे मोकळी खुळखुळली पाहिजे.