सोनामुखी चूर्ण : पाच महिने आणि एक भांडण

डब्याच्या तळाशी पोट साफ व्हायचं चूर्ण अजून दोन बोटं उरलंय. ते टाकवत नाही आणि घेववतही नाही.

चव कशी, हे सांगत बसत नाही. माझा राग डब्यावरच्या एकाच ओळीवर आहे : 'परिणाम 6 ते 12 तासांत'. अहो, रात्री दहाला घेतलं तर पहाटे चार की सकाळी दहा? पहिला महिनाभर मी रोज घड्याळ बघत चमचा पुढेमागे करत होतो.

तिसऱ्या महिन्यात दाढेसाठी अँटिबायोटिक चालू होतं. चार रात्री चूर्ण घेतलं, पोट ढिम्म. 'भेसळ आहे' म्हणत विक्रेत्याशी कडाडून भांडलो. फोडलेला डबा तो परत घेईना.

मग डॉक्टरांनी माझीच चूक दाखवली. चूर्णातली सेनोसाइडं लहान आतड्यात फारशी शोषली जात नाहीत, तशीच खाली मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जिवाणू त्यांना फोडून ऱ्हाइन अँथ्रोन बनवतात, आणि खरं रेचक तेच. ते बनवणाऱ्यांनाच मी गोळ्या घालून बसवलं असणार! सहा-बारा तास जातात ते याच प्रवासात. ओळीवरचा राग उतरला, अर्धा तरी.

मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर पाणी उतरतं आणि जेमतेम 100 ते 200 मिली बाहेर जातं, बाकी शोषलं जातं. ऱ्हाइन अँथ्रोन इथेच खोडा घालतं. प्रोस्टाग्लँडिन ई-2, म्हणजे पेशींना निरोप देणारं शरीरातलंच एक रसायन, वाढतं. उंदरांवरच्या प्रयोगांत भिंतीतल्या पेशींची पाण्याची दारं, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन-3, कमी झालेली दिसली. शिवाय क्लोराइड आतड्याच्या पोकळीत सुटतं, त्यामागून सोडियम आणि पाणी. मला वाटायचं हे नुसतं ढकलतं. ढकलतंही, पोटात मुरडा येतो तो त्याचाच, पण निम्मं काम पाण्याचं आहे.

आणि पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. पाचव्या महिन्यात रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले. तपासणीत पोटॅशियम कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, 'हे रोज घ्यायला कोणी सांगितलं?' कोणीच नाही. डबा संपवायचा होता ना!

आता ईसबगोल घेतो. ते पाणी स्वतःत धरून फुगतं, आतड्याच्या भिंतीला चिथावत नाही. मात्र पेलाभर पाणी पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर तेच आत अडकून बसतं.

सोनामुखीच्या डब्यावर 'फक्त अडीअडचणीला' असं लिहून ठेवलंय. आतला चमचा तेवढा काढून घेतला.