वीज तोडण्याची धमकी आणि बँकेने झटकलेली जबाबदारी

माझे सासरे नाशिकला राहतात आणि निवृत्तिवेतनाचे खाते मोबाइलवरून स्वतःच सांभाळतात. गेल्या पावसाळ्यात त्यांना एका खासगी क्रमांकावरून महावितरणच्या नावाने संदेश आला की, मागील बिलाची नोंद झालेली नसल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा खंडित केला जाईल. त्या क्रमांकावर फोन केल्यावर समोरच्या माणसाने नोंद दुरुस्त करण्याच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर एक एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, पाठवली आणि त्यातून दहा रुपये भरायला लावले. भरणा करताना लिहिलेला नेटबँकिंगचा तपशील आणि त्यानंतर मोबाइलवर येणारे सर्व एसएमएस ते अ‍ॅप भामट्यांकडे पोहोचवत होते. सासऱ्यांनी कोणालाही ओटीपी सांगितला नव्हता, तरीही खात्यातून 49,000 रुपये गेले.

विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, त्यामुळे 'आज रात्री वीज कापू' असा संदेश खरा असूच शकत नाही. हा नियम वीजबिलावर ठळक छापला असता, तर कितीतरी घरे वाचली असती असे मला मनापासून वाटते.

पैसे गेल्याचा एसएमएस दिसताच आम्ही बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर तक्रार नोंदवून खाते गोठवायला सांगितले आणि लगेच 1930 या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवरही फोन केला. बँकेकडून तक्रार क्रमांक आला, त्यावर तक्रारीची वेळही नोंदलेली होती. तरीसुद्धा त्यानंतर आणखी 38,500 रुपये काढले गेले. शाखेत मात्र आम्हाला एकच उत्तर मिळत राहिले की, ओटीपी वापरला गेला आहे, म्हणजे चूक ग्राहकाची आहे आणि बँकेचा संबंध संपतो.

हे उत्तर नियमाला धरून नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर तक्रार नोंदवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण तक्रारीनंतरचे सर्व नुकसान बँकेचे असते. शिवाय जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच असतो. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाला काहीही सोसावे लागत नाही. आम्ही या परिपत्रकाचा दाखला देऊन लेखी अर्ज केला, त्याला तक्रार क्रमांकाचा एसएमएस आणि खातेउतारा जोडला, तेव्हा दुसरी रक्कम परत मिळाली.

पहिल्या रकमेबाबत माझे मत बँकेपेक्षा वेगळे आहे. अनोळखी फाइल उघडू नये ही ग्राहकाची जबाबदारी मला मान्य आहे, परंतु वर्षानुवर्षे ठरावीक रकमा काढणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाच्या खात्यातून अचानक एवढे पैसे नव्या खात्यात जात असताना ते न थांबवणारी यंत्रणा निर्दोष कशी ठरते? या मुद्द्यावर तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यामुळे आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन तक्रार केली असून निर्णय अजून यायचा आहे.

असा प्रसंग आला तर फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका. तक्रार क्रमांक आणि वेळ हातात आल्याशिवाय फोन ठेवू नका, मोबाइलचे इंटरनेट बंद करा आणि मूळ संदेश पुसून टाकू नका, कारण सायबर पोलीस आणि बँक दोघेही तोच आधी मागतात.